परतून येणारी लहर



माझे एक स्नेही हौशी नभोवाणी-चालक आहेत. दिवसभराचें कामकाज आटोपलें, कीं रात्रीं जेवणानंतर गच्चीलगतच्या खोलींत बसून ते देशोदेशींच्या आपल्यासारख्याच हौशी मंडळींशीं बोलत असतात. त्यांच्या टेबलावर एक लहानसें मोजयंत्र आहे. त्याचा कांटा 'एक' या आंकड्याकडे जितका झुकेल, तितका त्यांचा चेहरा उजळतो. मागल्या पावसाळ्यानंतर तो कांटा तिनावर जाऊन बसला. त्यांनीं गच्चीवरची एरियल खालींवर करून पाहिली, तिची लांबी कमीअधिक केली, पण कांटा हालेना. अखेर माळ्यावर पडलेली जुनी, बारीक केबल त्यांनीं जोडली, आणि काय आश्चर्य! कांटा पावणेदोनाच्याहि खालीं आला. स्नेही प्रसन्न झाले. मात्र त्यानंतर तीन रात्री त्यांच्या हांकेला कोणी ओ देईना.

असें कां झालें, हें सांगण्यासाठीं आपणांस सुमारें एकशें चाळीस वर्षें मागें, जर्मनींतील कार्ल्सरूह शहरीं न्यावें लागेल. कारण त्या मोजयंत्रावरील आंकडा ज्या घटनेचें माप आहे, ती घटना विजेच्या लहरींच्या बाबतींत प्रथम तेथें स्पष्टपणें दिसून आली. त्या आंकड्याला स्थिर लहरींचें गुणोत्तर असें म्हणतात.

आधीं स्थिर लहर म्हणजे काय, तें पाहूं. कपडे वाळत घालण्याची लांब दोरी घ्या. तिचें एक टोक खिडकीच्या गजाला बांधा व दुसरें हातांत धरून एक झटका द्या. दोरीवरून एक उंचवटा पळत जातो, गजावर आदळतो आणि उलटा होऊन परत येतो. आतां झटक्यामागून झटके देत राहिलां, तर जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात; आणि हाताला योग्य ताल सांपडला, कीं दोरीवरची धांवपळ थांबल्यासारखी दिसते. कांहीं ठिकाणीं दोरी जोरानें हेलकावते, तर कांहीं ठिकाणीं ती जागच्या जागीं निश्चल राहते. या निश्चल जागांना निस्पंद आणि हेलकावणाऱ्या जागांना प्रस्पंद अशीं नांवें आहेत. लगतच्या दोन निस्पंदांमधील अंतर लहरीच्या लांबीच्या बरोबर निम्में असतें. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढचा सारा इतिहास समजण्यास अडचण पडणार नाहीं.

मॅक्सवेल या स्कॉटिश पंडितानें १८६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत गणिताच्या बळावर असें सांगितलें होतें कीं, विद्युत्-चुंबकीय क्षोभ अवकाशांतून लहरींच्या रूपानें पसरतो, आणि त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाइतकाच असतो. गणित सुंदर होतें. परंतु अशी लहर कोणीं पाहिली होती? हाइन्रिख हर्ट्झ हा तरुण प्राध्यापक १८८५ सालीं कार्ल्सरूहच्या तांत्रिक विद्यालयांत आला, तेव्हां तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. ठिणगी पाडणाऱ्या यंत्रानें त्यानें लहरी उत्पन्न केल्या. आणि त्या ओळखण्यासाठीं तारेचें एक कडें घेऊन त्यांत केंसाएवढी फट ठेवली. लहर कड्यावर पडली, कीं फटींत एक बारीकशी ठिणगी दिसे. ती इतकी क्षीण असे कीं, खोलींत काळोख करून, डोळे अंधाराला सरावल्यावरच ती पाहावी लागे.

पण कांहींतरी येथून तेथें पोंचतें, एवढ्यानें लहर सिद्ध होत नाहीं. लहर आहे असें म्हणावयाचें, तर तिची लांबी मोजून दाखविली पाहिजे. आणि प्रकाशाच्या वेगानें पळणाऱ्या वस्तूला पट्टी लावावयाची कशी? येथें हर्ट्झच्या बुद्धीची खरी चमक दिसते. पळणारी लहर मोजतां येत नसेल, तर तिला उभी करावी! १८८८ सालीं त्यानें आपल्या व्याख्यानगृहाच्या भिंतीवर चार मीटर उंच व दोन मीटर रुंद असा जस्ताचा पत्रा लावला. दालन होतें पंधरा मीटर लांब, चौदा मीटर रुंद आणि सहा मीटर उंच. छताला टांगलेलीं झुंबरें व इतर धातूच्या वस्तू त्यानें काढून टाकल्या. लोखंडी खांब मात्र काढतां येण्यासारखे नव्हते. लहरी पत्र्यावर आदळून परत फिरूं लागल्या, आणि तें कडें हातांत घेऊन हर्ट्झ भिंतीपासून दूर दूर सरकूं लागला. ठिणगी वाढे, मंद होई, नाहींशी होई, पुन्हां वाढे. निस्पंद सांपडले, त्यांमधील अंतर मोजलें, आणि लहरीची लांबी निघाली सुमारें साडेनऊ मीटर. गजाला बांधलेल्या दोरीचाच हा प्रयोग. फक्त दोरीच्या जागीं हवा, आणि गजाच्या जागीं जस्ताचा पत्रा.

या यशाच्या आधींची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. मला मात्र ती यशाहून अधिक बोधप्रद वाटते. त्याच वर्षाच्या आरंभीं हर्ट्झनें हवेंतील व तारेवरील लहरींच्या वेगाची तुलना केली होती. मॅक्सवेलच्या मताप्रमाणें ते दोन्ही सारखे असावयास हवे होते. हर्ट्झला तारेवर सेकंदाला सुमारें दोन लक्ष, तर हवेंत तीन लक्षांहून अधिक किलोमीटर असा निकाल मिळाला. तो खोटा होता. भिंती, खांब, खोलींतली लोखंडी शेगडी, अशा प्रत्येक वस्तूवरून लहरी परतत होत्या आणि मोजमापांत नकळत ढवळाढवळ करीत होत्या. ज्या परतणाऱ्या लहरीनें त्याला फसविलें, तिलाच कांहीं आठवड्यांनीं त्यानें साक्षीदार म्हणून उभें केलें! वेगाच्या बाबतींतील घोळ मात्र पुढें पांच वर्षें राहिला. १८९३ सालीं जिनीव्हा येथें साराझँ आणि द ला रीव्ह या दोघांनीं पुष्कळ मोठ्या दालनांत, पुष्कळ मोठा पत्रा लावून तोच प्रयोग केला, तेव्हां दोन्ही वेग सारखेच असल्याचें ठरलें. आपली चूक दुरुस्त झालेली हर्ट्झला पाहावयास मिळाली, परंतु त्यानंतर त्याला फारसें आयुष्य लाभलें नाहीं. १८९४ च्या १ जानेवारीला, वयाच्या सदतिसाव्या वर्षींच तो वारला.

हवेंत जें झालें, तेंच तारेवर अधिक सोपेपणानें करून दाखविण्याचें श्रेय ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट लेखरला आहे. १८९० सालीं त्यानें दोन समांतर तारा ताणल्या, त्यांवरून लहरी सोडल्या, आणि विरळ वायूनें भरलेली एक कांचेची नळी तारांवर आडवी ठेवली. दाबाच्या प्रस्पंदावर नळी उजळे, निस्पंदावर विझे. पुढें कित्येक दशकें लहरींची लांबी मोजण्यासाठीं जगभरचे लोक लेखरच्या तारा वापरीत. नभोवाणीच्या हौशी माणसाला त्या काळीं हीच गजपट्टी होती.

लहर परतते तरी कां? याचें उत्तर इंग्लंडांतील ऑलिव्हर हेविसाइडच्या लिखाणांत सांपडतें. हा मनुष्य तारायंत्राच्या नोकरींतून तरुणपणींच निवृत्त झालेला, एकलकोंडा, कांहींसा तिरसट आणि विलक्षण बुद्धीचा. उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला वाटेंत जो अवरोध होतो, त्याला इंग्रजींत आज रूढ असलेला 'इंपीडन्स' हा शब्द त्यानेंच १८८६ सालीं दिला. प्रत्येक तारेला तिच्या घडणीप्रमाणें एक स्वतःचा अवरोध असतो. तारेच्या शेवटीं तितक्याच अवरोधाची वस्तू जोडली, तर येणारी लहर निमूटपणें तींत शिरते. तारेला जणूं आपण संपलों हें कळतच नाहीं. परंतु तेथें कमी किंवा अधिक अवरोध भेटला, कीं लहरीचा कांहीं भाग मागें फिरतो. जेवढें बेबनावाचें प्रमाण, तेवढी परत येणारी लहर मोठी.

हें ज्ञान एकोणिसाव्या शतकांतच हातीं आलें असलें, तरी नभोवाणीच्या इंजिनियरांना पहिलीं वीसपंचवीस वर्षें त्याची फिकीर करावी लागली नाहीं. त्यांच्या लहरी होत्या कित्येक किलोमीटर लांबीच्या. यंत्रापासून एरियलपर्यंतची तार त्यांपुढें नखाएवढी. तींत निस्पंद-प्रस्पंद मावणार कोठें? १९२० नंतरच्या दशकांत लघुलहरी आल्या आणि चित्र पालटलें. लहर वीसतीस मीटरांची, आणि यंत्रगृहापासून एरियलपर्यंतची पोषक तार, म्हणजे फीडर, तिच्या कितीतरी पट लांब. आतां तारेवर पुरता खेळ रंगूं लागला.

या कथेचा एक धागा आपल्या पुण्याजवळून जातो. १९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें मार्कोनी कंपनीच्या शलाका-पद्धतीनें बिनतारी तारा जाऊं लागल्या. त्यासाठीं प्रेषण-केंद्र खडकी येथें आणि ग्रहण-केंद्र दौंड येथें होतें. या पद्धतीची आंखणी चार्ल्स फ्रँकलिन या इंजिनियराची. उंच मनोऱ्यांवरून उभ्या तारांचा जणूं एक पडदा सोडलेला असे. त्यांतील साऱ्या तारांना वीज एकाच तालावर मिळाली, तरच लहरींचा झोत एका दिशेला जाई. फ्रँकलिननें त्यासाठीं तांब्याच्या एकांत एक बसविलेल्या दोन नळ्यांचा फीडर योजला. तो झाडाच्या फांद्यांसारखा फुटत जाई, आणि मुळापासून प्रत्येक शेंड्यापर्यंतचें अंतर सारखें ठेवलेलें असे. अशा प्रत्येक फाट्यावर अवरोधाचा मेळ घालावा लागतो. नाहींपेक्षां तेथूनच लहर माघारी फिरेल, कांहीं तारांना अधिक व कांहींना कमी वीज मिळेल, आणि इंग्लंडकडे जावयाचा झोत भलतीकडेच फांकेल. आज घरोघरीं दूरचित्रवाणीसाठीं जी गोल केबल आलेली असते, ती घडणीनें त्या नळ्यांचीच लहान बहीण आहे.

आतां त्या गुणोत्तराकडे वळूं. जाणारी लहर आणि परतणारी लहर जेथें एकमेकींना हात देतात, तेथें तारेवरील दाब सर्वांत अधिक; जेथें त्या एकमेकींना मारतात, तेथें तो सर्वांत कमी. अधिकांत अधिक दाबाला कमींत कमी दाबानें भागावें, कीं झालें आपलें गुणोत्तर. कांहींच परत आलें नाहीं, तर दाब सर्वत्र सारखा, आणि गुणोत्तर एक. सगळेंच परत आलें, तर निस्पंदावर दाब शून्य, आणि गुणोत्तर अनंत. समजा, शंभर वॅट गेले आणि पंचवीस परतले. शक्ति ही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणून परतणाऱ्या लहरीचा दाब जाणारीच्या निम्मा. एक अधिक अर्धा म्हणजे दीड. एक उणे अर्धा म्हणजे अर्धा. दिडाला अर्ध्यानें भागलें, कीं तीन. माझ्या स्नेह्यांच्या कांट्यानें पावसाळ्यानंतर दाखविलेला आंकडा तो हाच. गुणोत्तर दोन असेल, तर शंभरांतले सुमारें अकरा वॅट परततात, आणि दीड असेल तर अवघे चार. पुष्कळ लोक दिडाचा सव्वा करण्यासाठीं रात्रीच्या रात्री जागवितात. त्यांनीं हा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहावा.

हीं मापें घेण्याचें काम एके काळीं किती कष्टाचें होतें, हें फिलिप स्मिथच्या हकीकतीवरून कळतें. हा तरुण १९२८ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रुजू झाला. तोहि हौशी नभोवाणी-चालकच. न्यू जर्सींतील लॉरेन्सव्हिल येथील लघुलहरी-केंद्रावर एरियलांचें काम त्याच्याकडे आलें. एका लांब काठीला तारेचें वेटोळें व नाजुक प्रवाहमापक बांधून ती काठी फीडरलगत सरकवीत तो नोंदी करी: येथें इतका प्रवाह, तेथें तितका. मग घरांत बसून, त्या नोंदींवरून एरियलचा अवरोध काढण्यासाठीं किचकट समीकरणें सोडवावीं लागत. या आंकडेमोडीला कंटाळून स्मिथनें तिचें चित्र काढण्याचा नाद घेतला. पहिले आराखडे चौकोनी होते; त्यांत सगळेंच मावेना. कांहीं वर्षांच्या खटपटीनंतर वर्तुळांचें एक सुरेख जाळें तयार झालें, आणि जानेवारी १९३९ च्या 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकांत तें प्रसिद्ध झालें. मधोमध पूर्ण मेळ, म्हणजे गुणोत्तर एक. बाहेरच्या कडेला अनंत. आणि तारेवरून पुढें सरकणें म्हणजे वर्तुळावरून बोट फिरविणें! जपानांत मिझुहाशी यानें तत्पूर्वीं दोन वर्षें अशीच युक्ति प्रसिद्ध केली होती, पण जगानें नांव लक्षांत ठेवलें तें स्मिथचें. गणकयंत्रांच्या या युगांत त्याच्या आलेखाची गणनेसाठीं गरज उरलेली नाहीं. तरीहि त्या यंत्रांच्या पडद्यांवर उत्तर म्हणून बहुधा तींच वर्तुळें उमटतात.

काठी घेऊन फिरण्याची दगदग १९४७ सालीं हौशी मंडळींपुरती संपली. जोन्स आणि सॉन्टहाइमर यांनीं 'क्यूएसटी' या त्यांच्या मासिकांत एका लहानशा पेटीची कृति दिली. ती पेटी जाणारी व येणारी लहर वेगवेगळी ओळखे, आणि गुणोत्तर टेबलावरच दिसे. (यांपैकीं सॉन्टहाइमरनेंच पुढें १९७३ सालीं अमेरिकन गृहिणींच्या स्वयंपाकघरांत भाज्या चिरण्याचें व वाटण करण्याचें 'क्विझिनार्ट' यंत्र नेलें. त्याचें नांव कोणत्या शोधासाठीं अधिक घरांत पोंचलें, हें सांगावयास नकोच.)

मोजणें असें सोपें झालें, आणि त्याबरोबरच एक गैरसमज फोफावला. जी शक्ति परत येते ती फुकट गेली, आणि ती येऊन यंत्राला जाळते, अशी समजूत घरोघर पसरली. कांटा एकावर आणणें हेंच जणूं हौशी माणसाचें परम कर्तव्य होऊन बसलें. या समजुतीवर एप्रिल १९७३ पासून 'क्यूएसटी' मध्येंच एक लेखमाला लिहिली गेली. लिहिणाऱ्याचें नांव वॉल्टर मॅक्सवेल. हा योगायोग गमतीचा खरा. पण हा मॅक्सवेल एरियलांच्या कामांत मुरलेला अमेरिकन इंजिनियर. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: परतलेली लहर यंत्रापाशीं आली म्हणजे नष्ट होत नाहीं. तेथें मेळ घालणारें साधन नीट बसविलेलें असेल, तर ती तेथून पुन्हां एरियलकडे फिरते, आणि नव्या लहरींत मिसळून जाते. नुकसान होतें तें केवळ तारेच्या अंगच्या क्षयामुळें. जितक्या फेऱ्या, तितकी थोडीथोडी उष्णता. तार चांगली, आंखूड, आणि लहर फार लहान नसेल, तर गुणोत्तर तीन असूनहि ऐकणाऱ्याला फरक कळणार नाहीं. तार लांब आणि हीण असेल, तर मात्र तेंच तीन महागांत पडतें.

मला हें म्हणणें पूर्ण पटतें. तरी भीति सर्वस्वीं खोटी होती, असेंहि म्हणवत नाहीं. शक्तिमान प्रेषकाच्या तारेवर प्रस्पंदांच्या जागीं दाब इतका चढतो, कीं ठिणगी पडून तार फुटूं शकते. आणि आजचे ट्रांझिस्टरचे प्रेषक जुन्या दिव्यांच्या प्रेषकांसारखे दणकट नाहींत. गुणोत्तर दोनाच्या पलीकडे गेलें, कीं त्यांतील पुष्कळसे आपला जीव वांचविण्यासाठीं आपण होऊन शक्ति कमी करतात.

आतां माझ्या स्नेह्यांच्या जुन्या केबलचें कोडें सोडवूं. ती बारीक केबल इतकी झिजलेली होती, कीं शंभरांतले पन्नास वॅट जातांनाच ती खाऊन टाकी. उरलेल्या पन्नासांतले साडेबारा एरियलवरून परतत. आणि त्यांतलेहि निम्मे परतीच्या वाटेवर नाहींसे होत. यंत्रापाशीं पोंचत ते जेमतेम सहा! मोजयंत्र बिचारें तेवढेंच पाही, आणि गुणोत्तर पावणेदोनाच्याहि आंत सांगे. केबल जितकी नादान, तितका आंकडा देखणा. एरियलऐवजीं योग्य अवरोधाचा एक रोध जोडला, तर गुणोत्तर बरोबर एक येईल, आणि शेजारच्या आळींतहि आवाज पोंचणार नाहीं. २००१ सालच्या भुजच्या भूकंपांत टेलिफोन बंद पडल्यावर अशाच हौशी चालकांनीं निरोप पोंचविण्याचें काम केलें होतें. तशा वेळीं कांट्याकडे पाहून समाधान मानणारा चालक काय कामाचा?

आपल्याकडच्या मोबाइल टेलिफोनच्या मनोऱ्यांवरहि हेंच गुणोत्तर अहोरात्र मोजलें जातें. मर्यादेबाहेर गेलें, कीं नियंत्रण-कक्षांत इशारा मिळतो. कारण पुष्कळदां अगदीं साधें असतें. केबलच्या सांध्यावरची चिकटपट्टी सैल होते, पावसाचें पाणी आंत झिरपतें, आणि त्या जागीं अवरोधाचा मेळ मोडतो. मग एक कारागीर कमरेला पट्टा बांधून वर चढतो.

स्नेह्यांनाहि मीं तेंच सुचविलें. चौथ्या दिवशीं त्यांनीं जाड केबल पुन्हां लावली. कांटा तिनावर गेला, तो त्यांनीं मोठ्या कष्टानें सहन केला. मग शिडीवर चढून एरियलजवळचा सांधा उघडला. आंतलें तांबें हिरवें पडलें होतें, आणि सांधा उलटा धरतांच चमचाभर पाणी निघालें. टोंक कापून, घासून, नवा सांधा केला, वर पट्टी गुंडाळली. कांटा सव्वावर आला, आणि त्याच रात्रीं दुसऱ्या हांकेला उत्तर मिळालें. ती बारीक केबल सध्यां त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत घालण्याच्या कामीं येते.